तलावाकाठचं कॅम्पिंग: ॲडव्हान्स भरण्याआधी पाणी कुठे आहे ते बघा

उष्ण प्रदेशात, जिथे एकाला लागून एक तलाव आहेत, तिथे कॅम्पसाइट बुक करताना सगळ्यांना एकच भीती असते: जागाच नसली तर? तशी फसवणूक होते, पण ती पकडता येते. तंबूंचे फोटो इमेज सर्चमध्ये टाकले की तेच तंबू दुसऱ्याच नावाने, दुसऱ्याच तलावाकाठी सापडतात. पैसे मागितलेलं खातं कॅम्पच्या नावावर नसून कुणा व्यक्तीच्या नावावर असतं. एवढं दिसलं की तिथेच थांबा.

पकडायला अवघड असते ती दुसरी फसवणूक. जागा खरी, तंबू खरे, फोटोही तिथलाच. फक्त तो तलाव तुडुंब भरलेला असतानाचा. उन्हाळ्यात शेतीसाठी उपसा होतो, बाष्पीभवनही होतं आणि पाणी उतरतं. काठ उथळ असेल, म्हणजे ५० मीटर अंतराला १ मीटर असा उतार असेल, तर पाणी ४ मीटर खाली गेलं की काठ २०० मीटर मागे सरकतो. फोटोत तंबूच्या दारात लाटा असतात. प्रत्यक्षात समोर भेगा पडलेली जमीन, मग वरून सुकलेला आणि खाली ओला असलेला गाळ. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जातो, चप्पल तिथेच राहते. लहान मुलांना अशा गाळात अजिबात सोडू नका. तक्रार केली की उत्तर तयार असतं: ‘आम्ही लेक व्ह्यू लिहिलंय, लेकसाइड नाही.’

म्हणून फोटो मागू नका, दिवसाउजेडी व्हिडिओ कॉल करा. तुम्हाला मिळणार असलेल्या तंबूपासून पाण्यापर्यंत कॅमेरा बंद न करता चालत जायला सांगा आणि पावलं मोजा. शंभर पावलं म्हणजे साधारण ७० मीटर. वाटेत दगडांकडे लक्ष ठेवा. पाणी भरलेलं असताना कुठवर येतं त्याची फिकट रेघ दगडांवर राहते, ती लपवता येत नाही. नेमकं लोकेशन मागून घ्या आणि उपग्रह नकाशावर त्याच जागेची जुनी, वेगवेगळ्या महिन्यांतली चित्रं पाहा. भरलेल्या तलावाची रेघ तंबूंच्याही वर जात असेल तर ती जागा पावसाळ्यात पाण्याखाली जाते. अशा ठिकाणी कितीही स्वस्त मिळालं तरी नको, कारण वरच्या धरणातून पाणी सोडलं तर रात्रीत पातळी चढू शकते.

‘एसी तंबू’ हा शब्दही तपासून घ्या. एक टनाचा एसी साधारण १ किलोवॉट वीज घेतो. दहा तंबू म्हणजे १० किलोवॉट, आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका वेगळा. १० केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरवर लिहिलेली क्षमता) जनरेटर प्रत्यक्षात ८ किलोवॉटच्या आसपास देतो. अशा ठिकाणी एसी आळीपाळीने चालतात किंवा मध्यरात्री सगळंच बंद होतं. विचारायचं ते एवढंच: तंबू किती, जनरेटर किती केव्हीएचा, रात्री किती ते किती चालतो? उत्तर लेखी घ्या. सावलीचंही तेच. झाड तंबूच्या पूर्वेला हवं, नाहीतर सकाळी आठलाच आत बसवत नाही.

पोहणं आणि बोटिंग पॅकेजमध्ये धरलं असेल तर त्या आठवड्यात पाणी कसं आहे ते विचारा. कोमट, साचलेल्या पाण्यात नील-हरित शेवाळ फोफावतं. पृष्ठभागावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसतो. २०१६ मध्ये फ्लोरिडात ओकिचोबी तलावातल्या अशाच शेवाळामुळे आणीबाणी जाहीर करावी लागली होती. यातली विषं उकळून नष्ट होत नाहीत, त्यामुळे ‘आम्ही तलावाचंच पाणी उकळून देतो’ हे उत्तर आलं तर बुकिंग करू नका. पोहणं बंद असेल तर किती रक्कम परत मिळणार, हे आधी ठरवून घ्या.

पूर्ण रक्कम आधी भरू नका. ‘आता दोनच तंबू उरलेत, अर्ध्या तासात भरा’ असं म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. शक्यतो कार्डाने भरा, म्हणजे बँकेकडे वाद नोंदवता येतो. थेट खात्यात पाठवलेले पैसे परत मिळणं फार कठीण.

पोहोचल्यावर सामान गाडीतच राहू द्या. तंबू, संडास, नळ आणि तंबूपासून पाण्यापर्यंतचं अंतर एका सलग व्हिडिओत घ्या आणि तो बुकिंगच्याच नंबरवर लगेच पाठवा. सामान लावून एक रात्र काढली की ‘त्यांनी जागा स्वीकारली’ म्हणायला मालक मोकळा होतो. आणि पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला बँकेला फोन करा. त्यानंतर ‘रिफंड मिळवून देतो’ म्हणणारा फोन येऊ शकतो. तो थोडी फी मागेल किंवा ओटीपी विचारेल. फोन ठेवून द्या. पैसे परत घ्यायला ओटीपी सांगावा लागत नाही.