फर्मवेअरसाठी कंपायलर निवडताना: विकतचा चाचणी संच, यादृच्छिक चाचणी की सिद्ध केलेला कंपायलर?

नवी मुंबईतील महापे आणि रबाळे येथील औद्योगिक वसाहतींत मोटर-नियंत्रक किंवा वीजमापकांचे फर्मवेअर, म्हणजे उपकरणातच बसवलेले सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्या लहान चमूंपुढे एक प्रश्न वरचेवर येतो: जीसीसी या मोफत कंपायलरची (लिहिलेल्या प्रोग्रॅमचे प्रोसेसरला कळणाऱ्या मशीन कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या साधनाची) नवी आवृत्ती घ्यायची, तर ती मुकाट्याने चुकीचा मशीन कोड तयार करत नाही, याची खात्री कशी करायची?

पहिला पर्याय प्रमाणित चाचणी संचाचा. सी भाषेसाठी असा संच विकत मिळतो; ॲमस्टरडॅमच्या सॉलिड सँड्स या कंपनीचा सुपरटेस्ट त्यांपैकी एक. भाषेचे नियम ठरवणाऱ्या प्रमाणग्रंथातील कलमांनुसार लिहिलेले छोटे प्रोग्रॅम त्यात असतात. काहींचे उत्तर बरोबर यावे लागते, तर काही मुद्दाम चुकीचे लिहिलेले असून कंपायलरने त्यांवर हरकत घेणे अपेक्षित असते. मात्र येथे काय सिद्ध होते, हे नीट समजून घ्यावे. अ‍ॅडा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अधिकृत पडताळणीत १९८३ साली सर्वप्रथम उत्तीर्ण झालेली न्यूयॉर्क विद्यापीठाची अ‍ॅडा/एड ही प्रणाली इतकी संथ होती की रोजच्या कामाला तिचा उपयोग नव्हता. तरीही भाषेच्या व्याख्येशी ती सुसंगत होती आणि पडताळणीचा प्रश्नही तेवढाच होता. शिवाय विक्रेत्याने दिलेला निकाल ज्या आवृत्तीवर, ज्या प्रोसेसरवर आणि कंपायलरच्या ज्या ऑप्शन्ससह मिळवला, त्यांच्यापुरताच खरा असतो. तुम्ही ऑप्टिमायझेशनची (कोड अधिक वेगवान किंवा आटोपशीर करण्याची) पातळी बदललीत, की तो कागद तुमच्या तयार होणाऱ्या कोडविषयी काहीच सांगत नाही.

दुसरा पर्याय यादृच्छिक चाचणीचा. यूटा विद्यापीठातील संशोधकांचे सीस्मिथ हे मोफत साधन अव्याख्यात वर्तन (ज्याचा परिणाम भाषेचा प्रमाणग्रंथ ठरवून देत नाही अशी कृती) टाळणारे सी प्रोग्रॅम आपोआप तयार करते. तेच प्रोग्रॅम अनेक कंपायलरांतून चालवून उत्तरे ताडून पाहायची. २०११ च्या त्यांच्या शोधनिबंधात तोवर अज्ञात असलेल्या ३२५ हून अधिक दोषांची नोंद आहे. कंपायलरच्या ऑप्टिमायझेशन करणाऱ्या भागातील अनेक टप्पे एकमेकांत गुंतल्यावर उद्भवणारे दोष माणसाने कलमागणिक लिहिलेल्या चाचण्यांना सहसा सापडत नाहीत, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल तेथेच आहे. उणीव अशी की, ग्राहकाच्या गुणवत्ता-तपासनिसापुढे ठेवण्याजोगा, कलमांशी जोडलेला अहवाल त्यातून मिळत नाही.

तिसरा पर्याय कॉम्पसर्टचा. झाव्हिए लेरवा यांच्या पुढाकाराने फ्रान्समधील इन्रिया संस्थेत तयार झालेल्या या कंपायलरच्या अचूकतेची गणिती सिद्धता कॉक या सिद्धता तपासणाऱ्या संगणक-प्रणालीत तपासलेली आहे. सीस्मिथने त्याच्या सिद्ध न केलेल्या भागांत दोष शोधले, पण सिद्ध केलेल्या मधल्या टप्प्यांत चुकीचा कोड सुमारे सहा सीपीयू-वर्षे (एका प्रोसेसरचे सहा वर्षांचे काम) खर्चूनही सापडला नाही. व्यावसायिक वापरासाठी परवाना घ्यावा लागतो, आणि तुमचा प्रोसेसर त्याच्या यादीत नसेल, तर विषय तेथेच संपतो.

वाहन उद्योगासाठी आयएसओ २६२६२ या वाहन-सुरक्षेच्या मानकानुसार काम करणाऱ्यांनी विकतचा संच घ्यावा, पण तो स्वतःच्या ऑप्शन्ससह स्वतःच्या बोर्डावर चालवावा. अशी सक्ती नसलेल्यांनी जीसीसीसोबत येणाऱ्या ‘टॉर्चर’ चाचण्या आणि सीस्मिथ यांवर भागवायला हरकत नाही. तत्पूर्वी स्वतःचा कोड मात्र तपासावा. ‘ऑप्टिमायझेशन लावले की बिघडते’ म्हणून माझ्यापर्यंत आलेल्या बहुतेक तक्रारींत कंपायलर निर्दोष निघाला. दोष चिन्हांकित पूर्णांकाच्या ओव्हरफ्लोचा (मूल्य ठरलेल्या मर्यादेबाहेर जाण्याचा, म्हणजे सी भाषेतील अव्याख्यात वर्तनाचा) होता, आणि तो कोड आमच्याच चमूने लिहिलेला होता.