टाइम यूज सर्व्हे की आयएचडीएस?
मूल सांभाळण्याच्या भारावर एमएचा प्रकल्प करणाऱ्या भाचीला प्रश्न पडलाय: कुठली आकडेवारी घेऊ, लोकांचा दिवस कशात जातो हे मोजणारा सरकारी टाइम यूज सर्व्हे की घराघरांची पाहणी करणारा इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे (आयएचडीएस)?

पैसे दोन्हीकडे लागत नाहीत. टाइम यूज सर्व्हेत (२०१९, २०२४) पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद असते. बाळाला भरवणं वेगळं, अभ्यास घेणं वेगळं. बायकांचे हे कष्ट आकड्यांत दिसायलाच हवेत! पण माणशी नोंद एकाच दिवसाची.

आयएचडीएसने २००४-०५ची बहुतेक घरं २०११-१२मध्ये पुन्हा गाठली. सासू वारल्यावर सुनेची नोकरी टिकली का, हे तिथेच तपासता येतं. मात्र आकडे जुने, आणि दोन फेऱ्या जोडताना डोकं पिकतं.

भार कोणावर किती, हे मोजायचं तर पहिला. घर बदललं की बाईचं काम कसं बदलतं, हे शोधायचं आणि हाताशी वेळ असेल तर दुसरा.