पल्स मोटरची कॉइल भरून घ्यायचीय? सियागंजातल्या वाइंडिंगवाल्या काकांकडे जा

इंदूरमध्ये घरी पल्स मोटर, म्हणजे कॉइलला करंटचे छोटे छोटे झटके देऊन मॅग्नेट लावलेलं चाक फिरवणारी मोटर, बनवणारं कोणी असेल तर हे खास त्यांच्यासाठी. सियागंजातल्या एका गल्लीत पंप-कूलरच्या मोटरी भरणारं छोटं दुकान आहे, काका आपले मराठीच आहेत, आणि माझी दोन तारांची कॉइल त्यांनी जशी भरून दिली तशी कुठे मिळाली नव्हती.

आधी कॉइलवर एवढा जीव का टाकायचा ते सांगतो. चाकावरचं मॅग्नेट समोर आलं की कॉइलच्या एका तारेतून ट्रान्झिस्टरला इशारा मिळतो, तो दुसऱ्या तारेला क्षणभर करंट देतो आणि लगेच तोडतो. तोडला रे तोडला की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि व्होल्टेजचा मोठा झटका येतो, जुन्या चेतक स्कूटरचा पॉइंट उघडला की प्लगला ठिणगी पडायची ना, तेच हे. १२ व्होल्टच्या कॉइलमधून शेकडो व्होल्ट निघू शकतात. तो झटका वाया न घालवता डायोडमधून दुसऱ्या बॅटरीत घ्यायचा, अमेरिकन संशोधक जॉन बेदिनींचं २००३ चं पेटंट याच गोष्टीचं आहे. म्हणजे दोन तारांमधलं इनॅमल, तारेवरचा वीज अडवणारा लेप, जरा जरी खरवडलेलं असलं तरी झटका तिथूनच उडी मारतो आणि बॅटरीपर्यंत पोचतच नाही.

माझं तेच झालं होतं. ऑनलाइन तयार कॉइल मागवली, दोन दिवसांत दोन २एन३०५५ ट्रान्झिस्टर उडाले. ती सोडवून बघितली तर आतल्या थरात तार काळी पडलेली, दोन्ही तारा एकमेकींना चिकटलेल्या. मग नारायण बागेतल्या एका दादांनी या काकांचं नाव सांगितलं.

काकांनी आधी विचारलं, "झटका किती व्होल्टचा येणार रे?" इतक्या दुकानांत फिरलो, हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. २४ गेजच्या दोन तारा शेजारी शेजारी ठेवून ८०० फेरे, बॉबिनला आधी लेदरॉइड हा वीज अडवणारा जाड कागद, प्रत्येक थरावर पातळ कागद, टोकांना स्लीव्ह, मग वार्निश करून भट्टीत. तांबं पाव किलोच्या आसपास लागलं, मजुरी २५० रुपये. देण्याआधी दोन तारांमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावला आणि काटा माझ्यासमोर दाखवला. कोरसाठी, म्हणजे कॉइलच्या मधल्या लोखंडी गाभ्यासाठी, मी तांब्याचा मुलामा असलेल्या वेल्डिंगच्या सळ्या कापून नेल्या होत्या, त्या काकांनी एकेक सुटी करून वार्निशात बुडवायला लावल्या, नाहीतर सळ्या एकमेकींना लागून आत भोवरे-करंट फिरतात आणि कोर उगाच तापतो.

रिझल्ट सांगतो. डायोड मात्र यूएफ४००७ घ्या, साधा १एन४००७ इतक्या पटकन बंद होत नाही. मोटर १२ व्होल्टला साधारण ०.२ अँपिअर घेते, म्हणजे २.४ वॅट. झटक्यावर ४७०० मायक्रोफॅरडचा ६३ व्होल्टवाला कपॅसिटर शून्यापासून ४० व्होल्टपर्यंत ८ सेकंदांत भरला, म्हणजे पावणेचार ज्यूल, जवळपास अर्धा वॅट. घातलेल्यातला पाचवा हिस्सा परत हातात आला आणि चाक फिरतंय ते वेगळंच. घातल्यापेक्षा जास्त निघतं असं सांगणारे खूप भेटतील, माझ्या मीटरवर तसं एकदाही दिसलं नाही, पण फेकली जाणारी वीज परत मिळते याचाच मला मनापासून आनंद आहे. जुन्या कॉइलवर हाच कपॅसिटर १५ व्होल्टच्या वर चढतच नव्हता.

तक्रार एकच, वेळ. रब्बीच्या तोंडावर शेतकऱ्यांच्या पंपांचा ढीग लागतो, तेव्हा तीन दिवस सांगून माझी कॉइल बारा दिवसांनी मिळाली, आणि फोन उचलत नाहीत, स्वतःच जाऊन बसावं लागतं. शेतकऱ्याचं पाणी आधी हे मलाही पटतं, पण तारीख तरी खरी सांगावी. गाडी न्यायच्या भानगडीत पडू नका, गल्लीत स्कूटरसुद्धा मुश्किलीने उभी राहते.

जाताना बॉबिन आणि सळ्या घरून न्या, तारांची सुरुवातीची टोकं वेगळ्या रंगाच्या स्लीव्हची मागा, म्हणजे जोडताना गोंधळ होत नाही. आणि घरी ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-एमिटरवर छोटा निऑन दिवा लावल्याशिवाय मोटर सुरू करू नका, चालत्या मोटरची दुसरी बॅटरी चुकून निघाली की तो नारिंगी पेटतो आणि ट्रान्झिस्टर वाचतो, माझा गेल्याच आठवड्यात असा वाचला.