बबल-टिप, कार्पेट की सीबी: घरच्या टाकीसाठी कोणतं ॲनिमोन?

ॲनिमोन म्हणजे खडकाला किंवा वाळूत पाय रोवून बसणारा, बोटांसारख्या टेंटॅकलांचा समुद्री प्राणी, क्लाऊनफिश मासा त्याच्याच आसऱ्याला राहतो. दुकानातल्या निळ्या दिव्याखाली सगळीच ॲनिमोन देखणी दिसतात, त्यामुळे रंग पाहून निवडलेलं ॲनिमोन बहुधा चुकतं. टाकीच्या तळाला वाळू किती, खडक कसे रचलेत आणि क्लाऊनफिश नेमका कोणता, या तीन गोष्टी आधी घरी पाहा. त्यावरून निवड जवळजवळ ठरतेच.

| | बबल-टिप | हॅडनी कार्पेट | सीबी |
|---|---|---|---|
| शास्त्रीय नाव | एंटॅक्मिया क्वाड्रिकलर | स्टिकोडॅक्टिला हॅडोनी | हेटरॅक्टिस क्रिस्पा |
| पूर्ण वाढ | ३० सेंमी | ५० सेंमी किंवा जास्त | ४० ते ५० सेंमी |
| टाकी, किमान | १५० लिटर | ३५० लिटर, रुंदी ६० सेंमी | २५० लिटर |
| पाय (खोडाचा तळ) कुठे रोवतं | खडकाच्या फटीत | १० ते १५ सेंमी वाळूत | वाळूखालच्या खडकाला |
| प्रकाश (पीएआर, म्हणजे शैवालांना वापरता येणारा उजेड) | १५० ते २५० | २५० ते ४०० | २०० ते ३५० |
| नवख्यासाठी | चालेल | नको | तपकिरी असेल तरच |

ओळख

बबल-टिपच्या टेंटॅकलच्या टोकाखाली फुगा असतो आणि त्या फुग्याभोवती फिकट कडं. पण हा फुगा कायम टिकत नाही. महिनोन् महिने टेंटॅकल लांब, साधी राहू शकतात आणि तरीही ॲनिमोन ठणठणीत असतं. म्हणून खात्री खोडावरून करावी: बबल-टिपचं खोड गुळगुळीत असतं, सीबीचं राखाडी, चामड्यासारखं आणि चिकट पुटकुळ्यांनी भरलेलं. सीबीची टेंटॅकल टोकदार असतात, टोकं कधी जांभळी.

हॅडनी कार्पेट नावाप्रमाणेच गालिचा. सेंटीमीटरभर किंवा त्याहून आखूड, बोथट टेंटॅकल दाट बसलेली आणि कडेची चुणीदार झालर. त्याचाच भाऊबंद जायगँटिया. त्याची टेंटॅकल सतत थरथरतात आणि खोडावरच्या पुटकुळ्या निळसर-जांभळ्या असतात. हॅडनीच्या पुटकुळ्या बारीक आणि खोडाच्याच रंगाच्या. विकणारे दोन्हींना 'कार्पेट' म्हणतात, पण जायगँटियाला प्रवाह आणि प्रकाश दोन्ही जास्त लागतात.

खडकावर आपोआप उगवलेलं दोन सेंमीचं 'बबल-टिपचं पिल्लू' दिसलं तर हरखून जाऊ नका. फुगीर गुलाबी किंवा हिरव्या टोकांचं, उघड्यावर घोळक्यानं वाढणारं ते बहुधा मजानो असतं. बारीक पारदर्शक खोड, काठाला लांब टेंटॅकल आणि सावली पडताच आत ओढून घेणं, ही ऐप्टेशियाची लक्षणं. ही दोन्ही बारकी ॲनिमोन उपद्रवी आहेत. ऐप्टेशिया खरवडून काढू नका, कारण पायाच्या राहिलेल्या तुकड्यातून नवं उगवतं. पेपरमिंट जातीचे झिंगे ऐप्टेशियाला खाऊन टाकतात.

मासा कोणता?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'सीबी क्लाऊन' नावाच्या माशाचं निसर्गातलं घर सीबी ॲनिमोन नसून हॅडनी कार्पेट आहे. नाव सारखं म्हणून जोडी लावणारे फसतात. मरून क्लाऊन निसर्गात फक्त बबल-टिपमध्ये राहतो, टोमॅटो क्लाऊनलाही तेच द्यावं. सॅडलबॅक क्लाऊनला हॅडनी किंवा सीबी, क्लार्की क्लाऊनला कोणतंही चालतं.

आणि सर्वांत जास्त विकला जाणारा ऑसेलॅरिस, म्हणजे दुकानातला 'निमो'? निसर्गात तो मॅग्निफिका, जायगँटिया आणि मेर्टेन्सी या तीन ॲनिमोनांत राहतो. वरच्या तक्त्यातलं एकही त्याचं नैसर्गिक घर नाही. टाकीत तो पुष्कळदा बबल-टिप स्वीकारतो, पण त्याला एक दिवस लागेल की सहा महिने, ते त्याच्या मर्जीवर. कधी शेवटपर्यंत ढुंकूनही पाहत नाही. मॅग्निफिका मात्र नवख्यांनी घेऊ नये: प्रवासात खचतं आणि जागा पसंत पडेपर्यंत टाकीभर फिरतं.

हॅडनीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: ते मासे खातं. रात्री वाळूजवळ विसावणारा गोबी किंवा कार्डिनल एकदा चिकटला की सुटत नाही. लहान माशांनी गजबजलेली टाकी असेल तर हॅडनीचा विचार सोडा.

पाणी आणि उन्हाळा

पाण्याच्या गरजा तिघांच्या सारख्याच. तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५ ते १.०२६, अल्कधर्मिता ८ ते १० डीकेएच (तिचं एकक), नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दशलक्षात इतके भाग), अमोनिया आणि नायट्राइट शून्य. टाकी किमान सहा महिने चाललेली हवी. कार्पेटसाठी वर्षभर थांबलेलं बरं. पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं. टाकीत पूर्वी तांब्याचं औषध पडलं असेल तर तिथे ॲनिमोन ठेवूच नका, खडक आणि वाळू तांबं धरून ठेवतात.

मुंबई-कोकणात एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) टाकीचं पाणी सहज ३० अंशांवर जातं. इतक्या उष्णतेत ॲनिमोन आपल्या अंगातली शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पृष्ठभागावर पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण दमट हवेत आणि पावसाळ्यात त्याचा उपयोग घटतो. नागपूर-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात तो जास्त चालतो. मात्र पंख्यानं पाणी उडतं आणि क्षारता चढते, म्हणून रोज गोडं आरओ पाणी घालून पातळी राखावी. खारं पाणी घालू नये. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवरचा एअर पंप तयार ठेवा.

घेताना आणि बसवताना

तोंड घट्ट मिटलेलं, पाय अखंड आणि कशाला तरी चिकटलेला, टेंटॅकल चिकट: हे तिन्ही जुळलं तरच घ्या. फाटलेला पाय सहसा भरून येत नाही. सीबी पांढरीशुभ्र असेल तर ती 'पांढरी जात' नव्हे, शैवालं गमावलेली आजारी आहे. खोडापासून टोकापर्यंत एकसारखं झगझगीत पिवळं किंवा गुलाबी असेल तर रंगवलेलं समजा. निरोगी सीबी तपकिरी, मळकट दिसते आणि नेमकी तीच घ्यायची.

बबल-टिप दगडासकट मिळालं तर उत्तम, पण तो दगड सिरॅमिकचा असावा, प्रवाळाचा नको. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ चं संरक्षण आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यातून किंवा इतर कुठल्या खडकाळ किनाऱ्यावरून ॲनिमोन उपटून आणण्याचा विचारही नको. तिथे त्याचा पाय फाटतोच.

टाकीचं पाणी थेंबथेंब देत तासा-दीड तासात त्याची सवय लावा. पहिले दोन आठवडे दिवे निम्म्यावर ठेवा. बबल-टिपला फट दाखवा, बाकी ते ठरवेल. हॅडनी आणि सीबीसाठी खडकाच्या कडेला वाळूत खळगा करून पाय खाली टेकवा. त्याआधी प्रत्येक वेव्हमेकरवर (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपावर) जाळी किंवा स्पंज हवाच. बबल-टिप घरात मरण्याचं मोठं कारण आजार नसून पंप आहे: रात्री फिरायला निघतं आणि पात्यात जातं. जागेवरून हलवायचं असेल तर खरवडू नका. काचेच्या बाहेरून, पायाच्या मागे बर्फाचा खडा धरा, थोड्या वेळात पाय आपणच सुटू लागतो.

खायला मीठ-हळद न लावलेली कोळंबी किंवा तिसरी (शिंपली), तोंडापेक्षा लहान तुकडा. बबल-टिपला आठवड्यातून एकदा, कार्पेटला दोनदा पुरे. मोठा घास दुसऱ्या दिवशी चिकट गोळा होऊन बाहेर येतो आणि पाणी नासवतो. बबल-टिप फुटून दोन झालं तर तीन-चार दिवस काही देऊ नका, फाटलेली तोंडं बरी होऊ द्या.

बिघडलं हे कसं कळतं

अधूनमधून आकसणं हे विष्ठा टाकण्यासाठी असतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण रोज आकसणं-फुगणं, तोंड उघडं राहणं आणि आतलं मांस बाहेर लोंबणं हा जंतुसंसर्ग असू शकतो, नव्या हॅडनीत विशेष. तेव्हा वेगळ्या टाकीत हलवा. जाणकार तिथे सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक देतात, ४० लिटरला २५० मिग्रॅ, रोज पाणी बदलून सात दिवस. मुख्य टाकीत हे औषध कधीच नको.

खोड लिबलिबीत झालं, अंगाचे तुकडे सुटू लागले आणि पाण्याला कुजका वास आला की ते मेलं. लगेच उचला, ३० टक्के पाणी बदला, सक्रिय कोळसा टाका आणि पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ अमोनिया मोजा. मोठं कार्पेट रातोरात कुजलं तर सगळी टाकी घेऊन जाऊ शकतं.

या सगळ्याची तयारी नसेल तर क्लाऊनफिश ॲनिमोनशिवायही घरात वर्षानुवर्षं सुखानं जगतो. एखादं लेदर कोरल (मऊ प्रवाळ) ठेवलं तर बऱ्याचदा त्यातच लोळायला लागतो.