स्वस्त कॅप्चर कार्ड: खोक्यावरचं सोडा, आतली चिप बघा

जुन्या कॅसेटींतलं चित्र संगणकात उतरवायला कॅप्चर कार्ड घेतात. पण कॅसेटी मिनीडीव्ही असतील तर ते घेऊच नका. त्या फितीवर चित्र आधीच डिजिटल आहे, सेकंदाला २५ मेगाबिट या हिशेबाने. फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या डिजिटल केबलने) ते जसंच्या तसं संगणकात उतरतं आणि तासाला साधारण १३ जीबी जागा घेतं. कॅमेऱ्याच्या पिवळ्या एव्ही पिनेतून काढून यूएसबी कार्डात घातलंत तर डिजिटलचं अ‍ॅनालॉग आणि पुन्हा डिजिटल असा फेरा होतो, रंग आणि कडा दोन्ही उतरतात. अशा वेळी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं साधं पीसीआय एक्सप्रेस फायरवायर कार्ड आणि ४ पिन ते ६ पिन केबल घ्या. सोबत विनडीव्हीसारखं छोटं सॉफ्टवेअर पुरतं, ते चित्रीकरणाच्या तारीख-वेळेनुसार फाइलींचे तुकडेही पाडतं. हँडीकॅमवरच्या यूएसबी पोर्टच्या नादी लागू नका. तो बहुतेक मेमरी कार्डवरच्या फोटोंसाठी दिलेला असतो. केबल लावताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवा: ६ पिनांच्या टोकात वीज असते, तिरकं खुपसलं तर पोर्ट जळू शकतो.

डिजिटल८ कॅसेटींनाही हेच लागू. सोनीचे काही डिजिटल८ कॅमेरे जुन्या व्हिडिओ८ आणि हाय८ कॅसेटीही वाचतात आणि फायरवायरमधून बाहेर देतात. असा चालू स्थितीतला कॅमेरा कुणाकडून मिळाला तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

उरल्या व्हीएचएस, व्हीएचएस-सी आणि हाय८. यांना अ‍ॅनालॉग कार्ड लागतं. पाल या टीव्ही पद्धतीत ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीत ७२०×४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. यापलीकडे कॅसेटीतून काही निघत नाही. एव्ही पिनांच्या कार्डावर ‘१०८०पी’ छापलेलं असेल तर तो छपाईचा खर्च समजा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे ईझीकॅप हे यूएसबी कार्ड आणि त्याच्या नकला. अडचण अशी की त्याच काळ्या कवचात चार वेगवेगळ्या चिपा मिळतात, सिंटेकची एसटीके११६०, एम्पियाची ईएम२८६०, यूटीव्ही००७ किंवा सोमॅजिकची. खोकं एकच, ड्रायव्हर चार. सोबतच्या सीडीतला ड्रायव्हर हातातल्या चिपेचा असेलच असं नाही. ‘कार्ड ओळखतच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक हेच असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी उघडा. त्यातला व्हीआयडी हा बनवणाऱ्याचा क्रमांक: ०५ई१ म्हणजे सिंटेक, ईबी१ए म्हणजे एम्पिया, १बी७१ म्हणजे यूटीव्ही००७, १सी८८ म्हणजे सोमॅजिक. ड्रायव्हर त्यावरून शोधा. विंडोज ११ वर ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षेची सोय चालू असेल तर यांतले जुने ड्रायव्हर अडवले जातात. लिनक्सवर पहिल्या तीन चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत, त्यामुळे विंडोजवर रुसलेलं कार्ड तिथे निमूट चालू शकतं.

ईझीकॅपचा दुसरा दोष चित्रात दिसतो. पांढरा रंग फुटतो, म्हणजे उजेडातला सदरा नुसता पांढरा ठिपका होतो, घड्या दिसतच नाहीत. कॉन्ट्रास्ट आधीच चढवून ठेवलेला असतो. व्हर्च्युअलडब या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावून ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट असा उतरवा की चित्र ० ते २५५ च्या पट्टीवर १६ ते २३५ च्या आत बसेल. ही दुरुस्ती रेकॉर्डिंगच्या आधीच करायची असते. एकदा कापला गेलेला पांढरा एडिटिंगमध्ये परत येत नाही. चार-पाचच कॅसेटी असतील आणि चित्र नुसतं जपायचं असेल तर ईझीकॅप चालेल. कपाटभर असतील तर नको.

एक पायरी वर हॉपॉगचं यूएसबी-लाइव्ह२ आणि आय-ओ डेटाचं जीव्ही-यूएसबी२ आहे. विंडोजसाठी आमची पसंती या दोघांना, त्यातही जीव्ही-यूएसबी२ ला. दोन्ही कच्चं, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या फील्डांत वाटलेलं) चित्र पूर्ण मापात देतात, आणि एडिटिंगला नेमकं तेच हवं असतं. एलगाटोचं व्हिडिओ कॅप्चर वापरायला सगळ्यांत सोपं, पण ते ६४०×४८० मध्ये आणि आधीच दाबलेली एच.२६४ फाइल देतं. बघायला ठीक, रंग दुरुस्त करायला तोकडं.

आता एचडीएमआय काड्या, म्हणजे एचडीएमआयचं चित्र यूएसबीतून संगणकात घेणारी छोटी कार्डं. हल्ली स्वस्तातली जवळपास प्रत्येक काडी मॅक्रोसिलिकॉनच्या एमएस२१०९ चिपेवर चालते (व्हीआयडी ५३४डी, पीआयडी २१०९). खोक्यावर ‘४के’ असतं, ते आत येणाऱ्या सिग्नलबद्दल. नोंद होते १०८०पी ३० फ्रेमची, तीही एमजेपेग दाबणीत (प्रत्येक फ्रेम जेपेग फोटोसारखी दाबून). कारण साधं आहे. १०८०पी ३० फ्रेम न दाबता पाठवायला सेकंदाला सुमारे १२४ मेगाबाइट लागतात आणि यूएसबी २.० ची कागदोपत्री कमाल आहे ६०. काहींचं टोक यूएसबी ३.० सारखं निळं असतं, पण आतली चिप २.० चीच. आवाजाची खोडही ठरलेली आहे. स्टीरिओ ४८ किलोहर्ट्झचा आवाज ती मोनो ९६ किलोहर्ट्झ म्हणून सांगते. खरा यूएसबी ३.० हवा असेल तर एमएस२१३० चिपेची काडी शोधा. कॅमेऱ्याच्या किंवा गेमच्या चित्रणासाठी या काड्या पैसे वसूल करतात. कॅसेटींसाठी मात्र ‘एव्ही टू एचडीएमआय’ डबी मध्ये लावून हा जुगाड करू नका. ती डबी इंटरलेसिंग आपल्या मनाने मोडते, ४:३ चित्र १६:९ मध्ये ताणते आणि अनेकदा सेकंदाला ५० चे ६० करते. ताणलेलं चित्र नंतर सरळ करता येतं, बाकी दोन्ही गोष्टी नीट सुधारत नाहीत.

कार्डापेक्षा जास्त डोकेदुखी सिग्नलची असते. व्हीएचएसची फीत यांत्रिक, त्यामुळे तिच्यातून येणारी प्रत्येक ओळ सारख्या लांबीची नसते. टीव्ही ते सांभाळून घेतो, कार्डाची चिप घेत नाही: ओळींचा मेळ चुकला की ती फ्रेम टाकून देते. आवाज मात्र चालूच राहतो, आणि तासाभराने ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. व्हर्च्युअलडबच्या खालच्या पट्टीत टाकलेल्या आणि घुसवलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. अधूनमधून एखादी गेली तर सोडून द्या. झुबक्याने जाऊ लागल्या तर केबल बदलून उपयोग नाही, सिग्नल स्थिर करावा लागतो. व्हीसीआर आणि कार्ड यांच्यामध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर लावा, रेकॉर्ड न करता नुसता आरपार. पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ या कामासाठी नावाजलेले आहेत. वरच्या कडेला वाकलेलं चित्र सरळ होतं ते डोळ्यांना लगेच दिसतं. पैसे मोजकेच असतील तर महागड्या कार्डाऐवजी ते इकडे घाला.

केबल निवडताना हाय८ आणि एस-व्हीएचएसला एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून नेणारी केबल) हीच लावा, फरक स्वच्छ दिसतो. साध्या व्हीएचएसला तो बेताचाच. चित्र कृष्णधवल आलं तर आधी पाल-एनटीएससीची निवड तपासा. ती बरोबर असेल तर नकली कार्डाचा एस-व्हिडिओ सॉकेट नावापुरता असल्याचा संशय धरा.

रेकॉर्डिंग हफवाययूव्ही, लॅगरिथ किंवा यूटी व्हिडिओ या काहीही न गमावता दाबणाऱ्या कोडेकमध्ये करा. तासाला २५ ते ३५ जीबी लागतात. काहीच न दाबता ७५ च्या आसपास. कार्ड संगणकाच्या मागच्या पोर्टात थेट, हबमध्ये नाही. ड्रायव्हरमधलं डीइंटरलेस (फील्डांच्या पूर्ण फ्रेम बनवणं) बंद ठेवा. ते नंतर क्यूटीजीएमसी या डीइंटरलेसच्या स्क्रिप्टने केलं की २५ च्या जागी ५० गुळगुळीत फ्रेम मिळतात. तेव्हा फील्डचा क्रम बघा: अ‍ॅनालॉग कार्डातून सहसा वरचं फील्ड आधी, डीव्हीत खालचं. उलटं लावलंत तर हलणारा हात पुढे-मागे थरथरतो. रेकॉर्डिंगला ओबीएस हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर फ्रेमचा वेग आधी २५ किंवा ५० करा. ३० किंवा ६० वर राहिला तर कॅमेरा फिरताना चित्र अडखळतं.

चित्राच्या तळाशी सहा-आठ ओळींची खरखर दिसेल. ती व्हीसीआरची फीत वाचणारी हेड बदलतानाची आहे, कार्डाची नाही. टीव्हीच्या चौकटीआड ती लपायची. ताणून काढू नका, काळी पट्टी टाकून झाका आणि फाइल ४:३ म्हणून नोंदवा, नाहीतर माणसं किंचित सडपातळ किंवा रुंद दिसतात.