टेमोझोलोमाइड कॅप्सूल: घरी देताना

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा अतिशय आक्रमक कर्करोग. त्यावरचं हे औषध घरी तोंडानेच घेता येतं, सलाइन लावावं लागत नाही. थकलेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

रेडिएशन चालू असताना रोज, सुटीच्या दिवशीही, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 75 मिग्रॅ. 1.6 चौरस मीटर असेल तर 120: एक 100ची, एक 20ची. नंतर 28 दिवसांतले पाचच दिवस, दर चौरस मीटरला 150 ते 200 मिग्रॅच्या हिशेबाने. घोळ इथेच होतो. जुन्या सवयीने सहाव्या दिवशीही कॅप्सूल दिली जाते आणि प्लेटलेट कोसळू शकतात. कॅलेंडरवर पाच खुणा करून ठेवा.

उलटीची गोळी आधी, मग रिकाम्या पोटी अख्खी कॅप्सूल. उलटी झाली तरी त्या दिवशी पुन्हा देऊ नका. गिळता येत नाही म्हणून फोडून मऊभातात तर अजिबात कालवू नका, पूड विषारी असते.

2005च्या मोठ्या चाचणीत नुसत्या रेडिएशनऐवजी हे औषधही दिल्यावर निम्मे रुग्ण जगले तो काळ 12.1 वरून 14.6 महिन्यांवर गेला. दोन वर्षं जगणारे 10.4 वरून 26.5 टक्के. एमजीएमटी मिथाइलेशन (म्हणजे गाठीतलं एमजीएमटी हे दुरुस्तीचं जनुक बंद पडलेलं) असेल तर फायदा जास्त, ती तपासणी मागून घ्या. इतक्या वर्षांनीही मुख्य औषध हेच, याचं फार वाईट वाटतं. 2024मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं व्होरासिडेनिब हे औषध आयडीएच जनुकात बदल असलेल्या, मेंदूतल्या हळू वाढणाऱ्या दुसऱ्या श्रेणीच्या गाठींसाठी आहे. ग्लायोब्लास्टोमाची घरं अजून वाट पाहताहेत.

माणूस गेल्यावर कपाटात उरलेल्या कॅप्सूल कचऱ्यात टाकू नका, रुग्णालयाच्या औषध विभागात विचारून परत करा.