मुलीने पाठवलेले डॉलर ठेवायचे कुठे: एनआरई, एफसीएनआर की सरळ बाबांचं खातं?

बडोद्यात रावपुऱ्यापासून कारेलीबागेपर्यंत कुठल्याही मराठी घरात एक तरी लेक किंवा लेकी-जावई टोरंटोला, न्यू जर्सीला नाहीतर दुबईला असतात. ते पैसे पाठवू लागले की बाबा बँकेत जातात आणि काउंटरवरून दरांचा तक्ता पुढे सरकतो. अनिवासी भारतीयांच्या रुपयांतल्या एनआरई एफडीवर समजा साडेसहा टक्के, त्यांच्याच डॉलरमधल्या एफसीएनआर ठेवीवर साडेचार. बोट आपोआप मोठ्या आकड्यावर जातं. माझ्या मते व्याजदर हा इथला तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की हे पैसे शेवटी रुपयांत खर्च होणार की डॉलरमध्ये? आणि दुसरा, पाठवणारा कर कुठे भरतो?

एनआरईमध्ये बाहेरून आलेलं चलन रुपयांत बदलून ठेवतात. मुद्दल आणि व्याज दोन्ही हवं तेव्हा परत बाहेर नेता येतं. एफसीएनआर ही फक्त मुदत ठेव असते, 1 ते 5 वर्षांची. ती डॉलर, पौंड, युरो अशा चलनातच राहते आणि त्याच चलनात परत मिळते. अनिवासी असेपर्यंत दोन्हींच्या व्याजावर भारतात आयकर नाही. वर्षाच्या आत मोडली तर दोन्हीकडे व्याज शून्य. म्हणजे खरा फरक एकच उरतो: रुपया घसरला तर फटका कोणाला? एनआरईत तो ठेवीदाराला बसतो, एफसीएनआरमध्ये बसत नाही.

हिशेब मांडून पाहू. 10,000 डॉलर आहेत, भाव 90 रुपये धरू. एनआरईत 9 लाख रुपये गेले, साडेसहा टक्क्यांनी 3 वर्षांत त्यांचे सुमारे 10 लाख 87 हजार झाले. एफसीएनआरमध्ये साडेचार टक्क्यांनी सुमारे 11,412 डॉलर झाले. हे दोन आकडे सारखे होण्यासाठी तीन वर्षांनी डॉलर साधारण 95 रुपये 25 पैशांवर हवा. त्याच्यापुढे गेला तर एफसीएनआर जिंकलं, अलीकडे राहिला तर एनआरई. वर्षाला दोन टक्क्यांहूनही थोडी कमी घसरण पुरते. (दर आणि भाव तुमच्या बँकेचे घाला, रीत हीच.)

आता रुपया किती घसरतो? हे तुम्ही मोजायला कुठून सुरुवात करता त्यावर आहे. 2008च्या जानेवारीत डॉलर 39 रुपयांच्या आसपास होता आणि 2025च्या डिसेंबरात त्याने नव्वदी ओलांडली. म्हणजे सरासरी वर्षाला साडेचार टक्क्यांच्या जवळपास. पण सुरुवात 2002 पासून धरली, जेव्हा भाव 48-49 होता, तर हीच सरासरी अडीच टक्क्यांच्या थोडी वर येते, कारण मधल्या काळात रुपया चक्क वधारला होता. 2002 साली डॉलरमध्ये पैसे धरून बसलेल्याला 2007च्या अखेरीस हसूच आलं असतं, स्वतःचंच. म्हणून "रुपया पडतोच" हे वाक्य दहा-पंधरा वर्षांसाठी बरोबर वाटलं तरी तीन वर्षांच्या ठेवीसाठी ते भरवशाचं नाही.

एफसीएनआरच्या आधीच्या योजनेत विनिमयाची जोखीम रिझर्व्ह बँक स्वतः उचलायची आणि ते तिला फार महाग पडलं. 1993 साली आजची पद्धत आली, त्यात ही जोखीम बँकांवर गेली. 2013 साली रुपया 68च्या पलीकडे गेला, तेव्हा रघुराम राजन यांच्या रिझर्व्ह बँकेने बँकांना स्वस्तात डॉलर अदलाबदलीची सोय दिली आणि काही महिन्यांत सुमारे 26 अब्ज डॉलर एफसीएनआरमधून देशात आले. अनिवासींच्या ठेवी सरकारला इतक्या का आवडतात, ते यावरून कळतं. दर आकर्षक झाले की समजावं, कुठेतरी डॉलरची निकड आहे.

आता कर. इथे माझं मत ठाम आहे. दुबईतल्या मुलीला तिथे वैयक्तिक आयकरच नाही, तेव्हा एनआरईचं व्याज तिला दोन्हीकडे करमुक्त. तिला बडोद्यात फ्लॅट घ्यायचा असेल, तर फार विचार न करता एनआरई. अमेरिकेतल्या मुलीचं तसं नाही. अमेरिका जगभरच्या उत्पन्नावर कर घेते, त्यामुळे "टॅक्स-फ्री" हा शब्द तिच्यासाठी अर्धाच खरा. ती 24 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर साडेसहाचे उरतात 4.94. त्यातून रुपयाची वर्षाची अडीच टक्के घसरण काढली, तर डॉलरमध्ये हातात अडीचहूनही कमी. एफसीएनआरचे साडेचार कर भरून 3.42 होतात. पैसे पुढे तिथल्या घराच्या डाउन पेमेंटला लागणार असतील, तर ते फक्त व्याजासाठी इकडे आणूच नयेत. कॅनडाही जगभरच्या उत्पन्नावर कर लावतो, तेव्हा तिथल्यांनीही हाच हिशेब करावा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे हमखास राहून जाते. आई-बाबांच्या बचत खात्यावर "सोयीसाठी" लेकीचं नाव संयुक्त म्हणून घातलेलं असतं. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली, तर अमेरिकेतल्या लेकीला ती खाती तिथल्या सरकारला कळवावी लागतात आणि त्यात हे खातंही मोजलं जातं.

मग सरळ बाबांच्या खात्यात पाठवलं तर? आई-वडिलांना दिलेल्या भेटीवर आयकर नाही. बहुतेक बँका ज्येष्ठ नागरिकांना साधारण अर्धा टक्का जास्त देतात, ते एनआरई ठेवीवर मिळत नाही. घरखर्च, औषधं, वॉचमनचा पगार यासाठी हाच मार्ग साधा. पण ते पैसे आता बाबांचे झाले: व्याजावर बाबांच्या टप्प्याप्रमाणे कर, आणि परत पाठवायचे तर निवासींची वर्षाची 2,50,000 डॉलरची मर्यादा आणि तिचे सोपस्कार. मोठी रक्कम या मार्गाने आणू नये, भावंडं असतील तर मुळीच नाही. वारसाच्या वेळी "ते पैसे खरं म्हणजे माझे होते" हे कोण सिद्ध करणार?

एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाचं खातं, हा निवडीचा भाग नाही, तो लागतोच. बडोद्यातलं भाडं किंवा रावपुऱ्यातल्या वडिलोपार्जित वाड्यातला विकून आलेला हिस्सा तिथेच जमा होतो. व्याजावर 30 टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांच्याशी असलेल्या करारांमुळे तिथल्या रहिवासाचा दाखला दिला तर तो 15 टक्क्यांवर येतो. बाहेर न्यायला वर्षाला 10 लाख डॉलरची मर्यादा. लेक परदेशी स्थायिक झाली की तिचं जुनं बचत खातं एनआरओत बदलून घ्यावं लागतं. तसंच चालू ठेवणं नियमबाह्य आहे, कितीही जणांनी ठेवलेलं असो.

दोन-तीन वर्षांत परतायचा विचार असेल, तर पारडं एफसीएनआरकडे झुकतं. परतल्यावरही ती ठेव ठरलेल्या दराने मुदतीपर्यंत चालते, आणि आयकराच्या दृष्टीने "निवासी पण सामान्य निवासी नाही" हा (परतल्यावर सुरुवातीची काही वर्षं मिळू शकणारा) दर्जा असेपर्यंत व्याज करमुक्त राहतं. एनआरईचं व्याज मात्र कायमचं परतताच करपात्र होतं.

ठेव उघडताना बाबांना "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" (पहिला खातेदार असेपर्यंत हक्क त्याचा, त्याच्या पश्चात दुसऱ्याचा) या अटीवर जोडा आणि कुलमुखत्यारपत्रही द्या. त्यावर ते इथली देणी भागवू शकतात. पण त्यांना त्या खात्यातून भेट म्हणून कोणाला पैसे देता येत नाहीत, नातवालासुद्धा. ठेव विमा कुठल्याही प्रकारात असला तरी एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंतच, त्यामुळे रक्कम मोठी असेल तर दोन-तीन बँकांत विभागा.